बाबांचं अध्यक्षीय भाषण

माझ्या बाबांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. एसटी उशिरा आली, दवाखान्यात डॉक्टर नसला, कुणी भर रस्त्यात बैलगाडी सोडून दिली, की ते वर्तमानपत्राची घडी मांडीवर आपटून म्हणत, "या देशाले मिलिटरीच पायजे!" जन्मभर ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते. जे वर्गात चालतं ते देशात का चालू नये, हा त्यांचा साधा प्रश्न. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते, म्हणून सुट्टीत गावी गेले की आमची जुंपायची. दरवेळी तेच जिंकायचे, कारण मी चिडायचे आणि ते चिडत नसत.

निवृत्तीनंतर उपासकांच्या एका गटाबरोबर ते थायलंडला जाऊन आले आणि मग विचारूच नका. तिथल्या कुण्या मार्शलनं एका हुकमानं बँकॉकमधल्या सायकलरिक्षा हटवल्या, रस्ते केले, धरणं बांधली, वीज आणली, हे त्यांना गाइडनं सांगितलं होतं. "एक मानूस बोलला, बाकीचे कामाले लागले," असं ते कौतुकानं सांगत. त्याच मार्शलनं संविधान मोडीत काढलं, संसद बंद केली, लिहिणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, खटला न चालवता माणसं गोळीला दिली, हे मी सांगे. त्यावर ते शांतपणे विचारत, "पन तू रस्ते पाह्यले काय? मी पाह्यले."

मी रस्ते पाहिले नव्हते.

पुढे तिथं पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. रणगाड्यावरच्या शिपायांना लोक फुलं देताहेत, असा फोटो पेपरात आला. बाबांनी तो मला चहाच्या वेळी दाखवला. संविधानाच्या बापाला घरातल्या भिंतीवर मानानं लावणाऱ्या माझ्या बापाला त्या फोटोत काहीच खटकलं नाही, याचा मला फार राग आला होता.

गोंदिया वेगळा होऊन जिल्हा निम्मा झाला, त्यानंतरची ही वर्षं. आमचं गाव नदीकाठी होतं आणि धरणाच्या पाण्यात जाणार होतं. पुनर्वसनाची जागा लांब, मुरमाड माळावर. गाव कधी उठायचं हे ठरवायला ग्रामसभा बोलावली, तेव्हा बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, बायकांमधून उभी राहिली. तिच्या अंगणात विहीर होती आणि उन्हाळ्यात अर्धी वस्ती त्या विहिरीवर यायची. तिनं सभेला आलेल्या पुनर्वसन खात्याच्या साहेबांना एवढंच म्हटलं, "तिकडच्या हिरीले पानी लागलं काय? पयले पानी दाखवा, मंग उठू आमी."

साहेब कागद चाळू लागले. बाबाच म्हणाले, "बस ना बाई खाली! देशाचं काम होऊन रायलं अन् तू हिरीचं घेऊन बसली." लोक हसले. आत्या बसली. पावसाळ्याआधी गाव उठायचं, या ठरावाला बाबांनी हात वर केला आणि त्यांच्यामागे गावानं. यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, गुरुजींचा हात वर दिसला की यांचे हात आपोआप वर जायचे.

त्याच हिवाळ्यात थायलंडचे एक म्हातारे भन्तेजी आले. नव्या वस्तीच्या विहारासाठी तिकडच्या उपासकांनी दिलेली बुद्धमूर्ती ते घेऊन आले होते. बिहारात वर्षानुवर्षं राहिल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. गाव उठण्याआधीचा शेवटचा मोठा कार्यक्रम म्हणून शाळेच्या पटांगणात मांडव घातला. बायकांनी पहाटेपासून भोजनदानाचा स्वयंपाक केला. भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्याकडे आणखी एक नियम आहे, त्रिपिटकात कुठंच नसलेला: अध्यक्षीय भाषण झाल्याशिवाय पंगत बसत नाही.

सरपंच बोलले, उपसरपंच बोलले, भंडाऱ्याहून आलेले पाहुणे बोलले. प्रत्येकाच्या गळ्यात हार, प्रत्येकाचं "दोन शब्द बोलून मी माझी जागा घेतो". शेवटी अध्यक्ष, म्हणजे बाबा. समोर साक्षात थायलंडचा माणूस, मग काय पाहता! मार्शल, रस्ते, धरण, शिस्त सगळं निघालं. आपल्या गावानंही असाच त्याग करावा, असं ते म्हणाले. मी मागून हातातलं घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही.

टाळ्या वाजल्या आणि आत्या ताट घेऊन पुढं झाली. भात, वरण, वांग्याची भाजी, खीर. भन्तेजींनी हात जोडले आणि पात्रावर झाकण ठेवलं. बारा वाजून गेले होते. बाबांचा चेहरा उतरला. ते कसेबसे म्हणाले, "भन्तेजी, हमें रोकना था ना."

भन्तेजी हसले. पण त्यांनी जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे वडील बँकॉकमध्ये सायकलरिक्षा चालवत. मार्शलच्या हुकमानं रिक्षा गेली, तसे ते ईशान्येकडच्या आपल्या खेड्यात परतले. मग तिथं धरण आलं. गावात सभा झाली, हाकिम बोलत होता, आणि वडिलांनी मध्येच उठून विचारलं, आम्ही जायचं कुठं? काही दिवसांनी शिपाई आले आणि कम्युनिस्ट म्हणून त्यांना जीपमध्ये बसवून घेऊन गेले. ते परत आले नाहीत. तेव्हापासून आईनं मुलांना एकच शिकवलं, मोठा माणूस बोलत असला की मध्ये बोलायचं नाही. "आप बोल रहे थे, गुरुजी," भन्तेजी म्हणाले, "हम कैसे रोकते?"

आणि मग बाबांना बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाले, "सड़क अच्छी है. पिताजी उसी सड़क से गए."

त्या दिवशी बाबाही जेवले नाहीत. संध्याकाळी ते आत्याच्या अंगणात गेले, विहिरीच्या काठावर बसले आणि तिला म्हणाले, "पुढच्या सभेत तू विचार. मी तुह्या बाजूनं उभा रायतो."

पुढच्या सभेत ती उठली नाही. मान हलवून म्हणाली, "मी त तवाच उभी झाली होती." मग बाबाच उभे राहिले आणि तिचा प्रश्न त्यांनी विचारला, आधी पाणी दाखवा. साहेब नवे होते, सभ्य होते. त्यांनी बाबांना खुर्ची द्यायला लावली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, हे काय मिलिटरीचं राज्य आहे का? गावाला विचारूनच ठरलंय सगळं. पहिला हात तुमचाच होता म्हणे."

बाबा खुर्चीवर बसले. मी त्यांना इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्या वादात मला त्यांना हरवायचं होतं, तो मी न बोलता जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

गाव उठलं. पावसाळ्यात पाणी चढलं आणि आत्याची विहीर पाण्याखाली गेली. नव्या वस्तीतली विहीर मुरुमात कोरडीच राहिली. उन्हाळ्यात टँकर येऊ लागला, तो भरायचा धरणाच्याच पाण्यातून. आमच्या गावावरचं पाणी आम्ही रांग लावून घेत होतो.

एकदा टँकर फारच उशिरा आला. रांगेतला एक तरुण, बाबांचाच विद्यार्थी, वैतागून ओरडला, "सब चोर आहेत साले! या देशाले मिलिटरीच पायजे. काहून गुरुजी, खरं हाय का नाही?" आणि सवयीनं त्यांच्या होकाराची वाट पाहू लागला. बाबा संतापले. हात उगारून त्याच्या अंगावर गेले, "बस खाली! चूप, एक शब्द—"

आत्या आपली रिकामी घागर पालथी घालून तिच्यावर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "बोलू दे त्याले. आता याले तरी खाली नोको बसवू."

बाबांचा हात खाली आला. ते रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.