चिंचपेटीचे मोती

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा घरात कामांची वाटणी झाली. कार्यालय, जेवण, पत्रिका नवऱ्याकडे आणि दागिने माझ्याकडे. मला वाटलं, सोपं काम वाट्याला आलं. एका शनिवारी लक्ष्मी रोडला जायचं, चार दुकानं बघायची आणि मोकळं व्हायचं. पण लेकीला जुना दागिना हवा होता. नवीन घडवून मुद्दाम काळपट केलेला नाही, खरोखर कुणाच्या तरी गळ्यात पन्नास-साठ वर्षं राहिलेला. "आई, मला ऑथेंटिक हवंय," एवढंच ती म्हणायची, आणि पुढचं सगळं माझ्यावर.

चार शनिवार गेले. माझा डावा गुडघा तेव्हा सुजलेला असायचा. रिक्षावाले पेठेत यायला तयार नसत, आपली गाडी न्यावी तर लावायला जागा नाही. दुकानात गेलं की आधी पाणी, मग मऊ बोलणं, मग मखमलीच्या तबकात एकसारख्या काळपट ठुश्या. "हे जुनं आहे का?" असं विचारलं की विक्रेती मुलगी म्हणायची, "मॅम, अँटिक पॉलिश आहे." म्हणजे गेल्या महिन्यातलं. घरी आले की मी चपलासुद्धा न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायचे.

ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीनं शेवटी बुधवार पेठेतल्या एका सोनाराचा पत्ता दिला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन दुकानांच्या मधे, जिन्याखाली, एक माणूस जेमतेम बसेल एवढी जागा. सत्तरीचे गृहस्थ, फक्त दुरुस्तीची कामं करणारे. आम्ही दोघी गेलो तेव्हा डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"काका, तुमच्याकडे जुनं काही आहे का?" लेकीनं विचारलं.

"मी आहे," ते वर न बघता म्हणाले.

लेकीनं मोबाइलवर तिला आवडलेल्या एका हाराचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग काढलं. "हा फोटो उलटा करून मागची बाजू दिसते का?"

"नाही."

"मग मला काय दाखवताय? दागिना मागून बघायचा. पुढून तो सगळ्यांना दाखवायलाच केलेला असतो."

मग मात्र माणूस बोलला. मी तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसले आणि ऐकत राहिले. वापरलेला दागिना ठरावीक जागी झिजतो. कडी कडीला घासते तिथे, मानेला लागतो तिथे. सगळीकडे सारखा काळा असेल तर तो काळेपणा बाटलीतून आलेला. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, सोन्याच्या भावात लाख विकत घेऊ नका. जुन्यावर हॉलमार्कचा शिक्का नसतो, त्यामुळे कस लावल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. डाग दिलेला, म्हणजे तुटल्यावर जोडलेला असेल, तर कधी दिला ते विचारायचं. दुकानातल्या दिव्याखाली मोती बघायचे नाहीत, दारात उजेडात न्यायचे.

"आणि विकणारा का विकतोय ते विचारायचं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का, तेही. नाही तर लग्नात घालाल आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी दारात उभं राहील," ते म्हणाले. "वस्तू मिळाली की इथे घेऊन या. मी कुणाच्या घरी येत नाही."

वस्तू मिळाली ती आमच्या कामवाल्या बाईंमुळे. त्या कात्रजला ज्या बिल्डिंगमध्ये राहायच्या, तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला चिंचपेटी विकायची होती. गळ्यालगत बसणारी, मोत्यांच्या चौकोनी पेट्यांची, मधे लाल खड्यांचं पदक. लेक लगेच तयार झाली. सहाव्या शनिवारी आम्ही दोघी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकून तिथे पोचलो.

दार आजोबांनी उघडलं. ऐंशीच्या आसपास, पांढरा सदरा, ताठ माणूस. खिडकीतून समोरची बिल्डिंग दाखवून म्हणाले, "तितं आमची विहीर होती. ही बिल्डिंग पण आमच्याच वावरात हाय." मग त्यांनी कपाटातून स्टीलचा डबा आणला, त्यातून सुती फडकं, फडक्यातून चिंचपेटी. "माझ्या आईची हाय ही. मोती बघा. असं मोती आता मिळत न्हाईत. आई सांगायची, अरबस्तानातनं आल्यात."

सोनारकाकांचं ऐकून मी ती आधी उलटी केली. मागचा पत्रा झिजून गुळगुळीत झाला होता, कड्या पातळ झाल्या होत्या. वस्तू जुनी होती यात शंका नव्हती. लेकीनं गळ्याला लावून बघितली आणि तिचा चेहराच बदलला. मला मनातून एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही. आता हे संपलं, असं वाटलं.

"का विकताय, आजोबा?" मी विचारलं.

"मालकिणीला विचारा. तिचाच हट्ट हाय."

आजी आतल्या खोलीत पलंगावर होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून उठता येत नव्हतं, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. मला एकटीलाच त्यांनी आत बोलावलं. लेक बाहेर आजोबांशी बोलत बसली.

"दोन लेकी हायेत मला," आजी म्हणाल्या. "पेट्या वाटता येतील, पदक कसं वाटायचं? मी गेले की भांडतील. त्यापरीस इकून टाकायची आन् दोघींना निम्मं-निम्मं द्यायचं. दोघींना इचारलंय. ह्यांचाच जीव निघत न्हाई."

ते ऐकून मी निश्चिंत झाले. मी उठणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, तुमची पोर लग्नात घालणार म्हणून सांगते. मोती खरं न्हाईत."

मी परत बसले.

तीसेक वर्षांपूर्वी आजोबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ते दवाखान्यात पडून होते आणि घरात काही नव्हतं. तेव्हा आजींनी शहरात जाऊन खरे मोती विकले, त्याच मापाचे काचेचे मोती घेतले आणि पटवेकऱ्याकडून चिंचपेटी जशीच्या तशी गाठवून आणली. आजोबांना सांगितलं, माझ्या भावानं मदत केली.

"सासूबाईंची वस्तू. ह्यांना कळलं असतं तर आप्रेशन करूनच घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या सोन्याचा भाव करा. पर ह्यांना का ते सांगू नका. तुम्ही चिकट हाय असं म्हणतील, म्हणू द्या."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बाहेर येऊन मी आजोबांना सांगितलं की आमच्या सोनाराला दाखवून मग भाव ठरवू. ते लगेच म्हणाले, "मी सोता घेऊन येतो. वस्तू दुसऱ्याच्या हाती सोडायची न्हाई." मंगळवारी सकाळी अकराला बुधवार पेठेत भेटायचं ठरलं. मी ठरवलं होतं की आधी सोनारकाकांना फोन करायचा, सगळी हकिगत सांगायची आणि मोत्यांबद्दल आजोबांसमोर एक अक्षर बोलू नका असं विनवायचं.

तो फोन मी केला नाही. रविवारी व्याह्यांकडची माणसं आली. सोमवारी पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव चुकलं म्हणून छापखान्यात दोन फेऱ्या झाल्या, संध्याकाळी ब्लाउजची मापं. मंगळवारी सकाळी रिक्षात बसल्यावर आठवलं. काकांकडे मोबाइल नव्हता, दुकानातला फोन वाजत राहिला. लेकीला ऑफिस होतं, मी एकटीच होते. सिग्नलला रिक्षा थांबली की मी परत नंबर लावायचे. पोचले तेव्हा आजोबा माझ्या आधीच येऊन त्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. कात्रजहून बसनं आले होते, पिशवी पोटाशी धरून. आणि चिंचपेटी काकांच्या हातात होती.

मी काकांना डोळ्यांनी खुणावत राहिले. त्यांच्या डोळ्याला भिंग होतं.

त्यांनी एक मोती दातावर घासून बघितला. मग सुईचं टोक मोत्याच्या भोकापाशी नेलं. "पदक जुनं, पत्रा जुना, काम उत्तम," ते म्हणाले. "मोती काचेचे. हा बघा, भोकाशी पापुद्रा सुटलाय."

"अस्सल हायेत ते," आजोबा म्हणाले.

"असतील पूर्वी. नंतर बदललेत. दोराही नंतरचा आहे, पंचवीस-तीस वर्षांचा."

मी घाईनं म्हणाले, "काका, राहू द्या, आपण सोन्याचंच बघू." तेव्हा आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मला आश्चर्य वाटलेलं नाही हे त्यांना त्या एका क्षणात कळलं असणार.

"तिनं सांगितलं तुमाला," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. काकांनी न सांगता माठातलं पाणी भरून त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबा पेला हातात धरून बसले. बाहेर कुठल्यातरी दुकानात स्पीकर लावून बघत होते, एकच गाणं दोनदा सुरू होऊन बंद पडलं.

"माझं आप्रेशन झालं तवाचं हाय का?"

"हो."

"मेव्हण्यानं पैसं दिलं म्हनली होती." त्यांनी पेला खाली ठेवला. "जमीन होती तवर दर सालाला ज्वारीचं पयलं पोतं त्याच्या दारात टाकलं मी. पाया पडायचो त्याच्या, माझ्याहून ल्हान असून. आन् तो घेत ऱ्हायला की!"

सोनारकाका हसले आणि लगेच गप्प झाले. आजोबाही हसले थोडंसं. मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, चिंचपेटी फडक्यात गुंडाळली आणि डब्यात ठेवली.

"इकायची न्हाई आता," ते म्हणाले.

"आजोबा, मोती तर खोटे…"

"म्हनूनच." ते उठले. "ताई, एक करा. मला कळलंय हे घरी बोलू नका. तीस वरसं झाकून ठेवलंय तिनं. आता ह्या वयात तिला माझ्याफुडं खाली बघायला लावायचं न्हाई."

मी त्यांना रिक्षा करून देते म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्यासोबत गेले. दोघंही हळू चालणारे, त्यामुळे बरंच अंतर वाटलं.

परत येऊन काकांना सगळं सांगितलं. "फोन करायचा होतात," ते म्हणाले. मग भिंग लावता लावता म्हणाले, "मीही आधी विचारायला हवं होतं." त्या माणसाच्या तोंडून एवढं येणं म्हणजे खूपच.

लेकीला मी सांगितलं की जमलं नाही. ती दोन दिवस फुगून होती. मग तिनंच एका मोठ्या दुकानातून नवीन चिंचपेटी घेतली. शिक्क्याची, पावतीची, मोत्यांच्या वेगळ्या प्रमाणपत्रासह. काळपट पॉलिश दिलेली. मी "छान आहे" म्हटलं. तिला चांगली दिसतही होती. मला एवढंच कळत होतं की आता पुढच्या शनिवारी घरी बसता येईल.

लग्नाला आठ दिवस उरले असताना आजींचा फोन आला. कामवाल्या बाईंनी लावून दिला होता.

"काय झालं हो ताई? ह्यांनी वस्तू परत आणली. म्हनले, ऱ्हाऊ दे, तुझ्याजवळच असू दे. लेकींचं मग बघू."

"भाव पटला नाही आजी," मी म्हणाले. "मी फारच कमी सांगितला. चिकटपणा केला."

"सोनारानं काई सांगितलं न्हाई ना ह्यांना?"

हॉलमध्ये रुखवताच्या वस्तू पसरल्या होत्या. नवरा फोनवर मांडववाल्याशी मोठमोठ्यानं बोलत होता. मी बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं.

"नाही," मी म्हणाले. "सोन्याचंच बोलणं झालं."

मग त्या म्हणाल्या, "आल्यापासनं रोज सकाळी माझी येणी घालतात. याद हाय, पन्नास वरसांत कदी कंगव्याला हात लावला न्हवता. म्हनून इचारलं." मग लग्नाची तारीख विचारली, पोरीला आशीर्वाद सांगा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आतून लेक हाका मारत होती, पार्लरवालीला वेळ कळवायची होती. "आले," म्हटलं, आणि आणखी पाच मिनिटं बसून राहिले.