बापूंचं पोट कुणाच्या वाट्याला

तिखटाच्या दुकानावर माणूस पाच मिनिटं बसला की डोळ्याला पाणी येतं, आणि डोळ्याला पाणी आलं की तोंड आपोआप मोकळं होतं. पाथरीत माझं मिरची-मसाल्याचं दुकान आहे, दारात बाकडं आहे. धने संपतात, हळद संपते, किस्से मात्र न मागवता येऊन पडतात. आता तर पोत्यावर पोती लागलीत. त्यातलं हे एक पोतं माझ्या धाकट्या भावाच्या, दिगूच्या पोटाचं.

भाऊ म्हणायचा, पण कागदावर तो माझा भाऊ नाही. मी सात वर्षांचा असताना मला राणीसावरगावहून उचलून पाथरीच्या तात्यांना दत्तक दिलं. तात्या आमच्या लांबच्या भावकीतले. मूल नव्हतं, दुकान होतं. आता तुम्हीच सांगा, थोरला पोरगा कुणी दत्तक देतं का? द्यायचा तर धाकटा! पण आमच्या वडिलांनी, बापूंनी, मला दिलं आणि दिगूला ठेवून घेतलं. दत्तकाचा होम झाला, आणि त्या दिवसापासून जन्मदात्या बापाला 'काका' म्हणायचं, असं तात्यांनी बजावलं. दिगूची ओळख करून द्यायची तर 'आमच्या भावकीतले'. तात्या गेले, सवय राहिली.

सारी हयात हे मी मनात दळतोय. पीठ काही बारीक होत नाही.

*

दिगू दिसायला हुबेहूब बापू. तेच नाक, तोच खर्जातला आवाज, मान तिरकी करून हसणं तेच. मास्तर झाला, बदली होऊन पाथरीलाच आला आणि रिटायर झाल्यापासून माझ्या बाकड्यावर मुक्कामी आहे.

एकदा राणीसावरगावचा एक म्हातारा बाजाराला आला. दिगूला बघून तो पायाच पडायला लागला. "आरं, बापूच बसल्यात की हितं!"

मला राहवलं नाही. म्हणालो, "बाबा, मीबी त्यांचाच हाय."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी व्हय? तुमी तर तात्यावानी दिसायलाव."

"तात्याचं न् माझं रगत लय लांबचं हाय!"

"आसंल. गल्ल्यावर बसून बसून झालं आसंल!"

*

मग दिगूचं पोट बिघडलं. रक्त पडायचं, वजन उतरलं, पँट सुतळीनं बांधायची पाळी आली. गावाला दोषी सापडायला वेळ लागला नाही. 'मालकाच्या मिरचीनं मास्तरचं आतडं जाळलं!'

एक मावशी आल्या. म्हणाल्या, "अर्धा किलो कांडलेली द्या. पण मास्तरला खाऊ घातली ती नका देऊ."

मी काही बोलायच्या आत बाकड्यावरून दिगू म्हणाला, "मावशी, मी खाल्ली ती फुकटची व्हती. तुमी इकतची न्या, इकतची बाधत न्हाई!"

मावशींनी खरंच निवांत मनानं नेली.

*

मी दिगूला नांदेडच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. खरं सांगायचं तर निम्मं भावासाठी, निम्मं मिरचीसाठी. दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते, आतून सूज येते, जखमा होतात."

"आन् मिरची?" मी विचारलं.

"तिखटानं एखाद्याचा त्रास वाढेल, पण हा आजार मिरचीनं होत नाही. घराण्यात आणखी कुणाला होता का?"

दिगू म्हणाला, "आमच्या बापूला. जल्मभर तांब्या हातात. रगतबी पडायचं म्हणं."

"मग तोच आजार असू शकेल. आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण याचा थोडा धोका रक्तातून येतो, हे खरं."

परत येताना दिगूचा चेहरा बघण्यासारखा होता. आजारी माणूस, पण छाती पुढं! "बापूकडून आलंय, दादा!"

मी चिडलो. "नाक तुला, आवाज तुला. आता आतडंबी तुलाच?"

"घे की निम्मं! मी कुठं न्हाई म्हणायलोय!"

*

मी सातवी पास, पण मोबाईलवर महिनाभर वाचून काढलं, व्हिडिओ बघितले, आणि बाकड्यावरच्या मंडळींना समजावून सांगितलं. "हे बघा, आपला काळा मसाला. नुसत्या दगडफुलानं होतो का? नुसत्या लवंगेनं? न्हाई. हे जीनबी तसेच. एक न्हाई, शेकड्यानं हायेत, अन् एकेकाचा वाटा चिमूटभर. त्यात बाहेरच्या गोष्टींचा जाळ लागतो, तवा कुठं आजार होतो. ज्यांच्यात ते जीन असत्यात त्यातल्या बहुतेकांना काहीच होत न्हाई."

कोर्टाबाहेर बाँड लिहिणारे शेषराव हे सगळं चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "मंजी मालक, तुमच्यातबी ते सामान आसंल?"

"आसंल की! एका बापाचे हावोत!"

"बिल्कुल न्हाई. दत्तक गेल्यावर जन्मघरच्या कशावरच हक्क राहत न्हाई. कायदा हाय."

"शेषराव, तो कायदा शेतीला. आतड्याला कोण बाँड लिहून घेतंय?"

शेषराव दिगूकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमचं पोट दुखायलंय ते आजारानं. मालकाच्या पोटात दुखायलंय ते निराळंच दिसायलंय!"

*

आणि एका सकाळी मलाही रक्त दिसलं.

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. बाहेर आलो तर बायको म्हणाली, "आवो, काय झालं?"

"रगत पडलं."

"मंग हसायलाव कामून?"

पुन्हा नांदेड. या वेळी स्टुलावर दिगू, खुर्चीत मी. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना पोटाचा त्रास?"

जन्माची सवय! मी म्हणालो, "न्हाई साहेब. वडील दगड पचवायचे."

"आईला?"

"तिलाबी न्हाई. काकाला व्हता. लय व्हता."

"काका म्हणजे जरा लांबचं नातं. मी आई-वडील, भाऊ-बहिणींचं विचारतोय."

सांगायचं होतं, पण जीभ वळेना. तेवढ्यात स्टुलावरून बापूंचाच आवाज यावा तसा दिगूचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, काका न्हाई. बाप हाय तो त्याचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

मी म्हणालो, "आजवर कुणी इचारलंच न्हाई, साहेब."

*

माझीही दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टर हसत बाहेर आले. "अभिनंदन! आतडं एकदम स्वच्छ. साधी मूळव्याध आहे."

बायकोनं फोनवरच देवाला नारळ कबूल केला. मी मात्र तोंड पाडून बसलो. दिगू माझ्याकडं बघून इतका हसला की नर्स धावत आली.

मी डॉक्टरांना विचारलं, "हीबी वडलांकडून येती का?"

"काही घरांत दिसते. पण तुम्ही दिवसभर काय करता?"

"गादीवर बसतो."

दिगूनं टाळी वाजवली. "मंग बरोबर हाय! तात्याची गादी, तात्याची मूळव्याध! घराण्याचं नाव राखलंस!"

*

त्याच दिवशी आम्ही जीपनं पाथरीला परत निघालो. जीप गच्च भरलेली. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. परभणी मागं पडल्यावर न राहवून बोललोच, "बापूनं जाताना सगळं तुलाच दिलं. मला एक आजार सुदिक दिला न्हाई."

दिगूनं उत्तर द्यायच्या ऐवजी माझं मनगट गच्च धरलं. मला कळलं. ओरडून जीप थांबवली. बांधाला बाभळीचं झुडूप होतं, त्याच्यामागं दिगू बसला. रस्त्याच्या बाजूनं मी उपरणं दोन्ही हातांनी ताणून उभा राहिलो, पाठ त्याच्याकडं, तोंड जीपकडं.

मागून आवाज आला. "दादा."

"काय?"

"तुला कामून दिलं, ते ठावं हाय का?"

मी उपरण्याची मूठ बदलली.

"माझंच ठरलं व्हतं. धाकटाच देत्यात की. तात्यानं टोपी आणली ती माझ्या मापाची. आई सांगायची, त्या दिवशी पहाटंपासून माझं पोट बिघडलेलं. गाडी दारात उभी, आन् मी परसात. तात्या म्हणला, ह्ये पोरगं गाडी भरवून ठेवील. आन् दारात तू उभा व्हतास, आंघोळ करून."

उपरणं वाऱ्यानं फडफडायला लागलं. मी ते आणखी ताणून धरलं.

"आन् बापू?" मी विचारलं.

"बापू मला म्हणायचा, तुझ्या पोटानं माझा थोरला नेला."



मग दिगूच म्हणाला, "लय राग यायचा मला तुझा. दुकान, गादी, गूळ-खोबरं, सगळं माझं व्हतं. आजबी बाकड्यावर बसलो की वाटतंच."

"मंग आजवर बोलला का न्हाईस?"

"बोललो आसतो तर गल्ला दिला आसतास का?"

तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला. डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ मालक! कोण हाय तो माणूस? त्याच्यापायी समद्यांनी खोळंबायचं का? चला, न्हाईतर सोडून जातो!"

मी उपरणं न सोडता त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, "गप उभा ऱ्हा! सख्खा भाऊ बसलाय माझा!"