उशिरा जागा होणारा स्लॅग

दोन्ही मुलं शाळेत रुळल्यावर ती पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाली. जुन्या सहकाऱ्यांनी "या आकडेबाई!" म्हणून हाक मारली, तशी तिची निम्मी धास्ती गेली. काम मात्र नवं होतं. लोखंडाच्या भट्टीत वर तरंगणारा मळ, म्हणजे स्लॅग, दळून सिमेंटमध्ये मिसळायचा. पाणी पडल्यावर ते मिश्रण कसं तापेल, कधी घट्ट होईल, हे संगणकावर गणितानं आधीच सांगायचं.

गणित काही जमेना. संगणकातलं मिश्रण आठवडाभरात दगड व्हायचं आणि त्याच मिश्रणाचे पाण्याच्या टाकीत ठेवलेले खरे ठोकळे तेव्हा कच्चेच असायचे.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! तुमच्या मॉडेलचं तसं झालंय," साहेब म्हणाले. "जमत नसेल तर सोडून देऊ."

ती उतरल्या तोंडानं घरी आली. जेवताना सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगू लागली, "आई, स्लॅग स्वभावानं आळशी. आधी सिमेंट पाण्यात विरघळतं, चुना सोडतं. त्या चुन्यानं स्लॅगला जाग येते..." आणि घास हातातच राहिला.

"काय गं, ठसका लागला?"

"नाही. गणितात मी त्याला पाणी पडल्यापडल्याच कामाला लावलंय!"

दुसऱ्या दिवशी तिनं समीकरणं बदलली. चुना जसा साठेल तसा स्लॅगचा वेग वाढायचा. स्लॅग चुना खाईल तसा साठा घटायचा. जुने निकाल जुळले, पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. कधीच न तपासलेलं, जास्त स्लॅगचं मिश्रण तिनं निवडलं आणि ते किती दिवसांनी किती दाब सोसेल याची वक्ररेषा आधीच फळ्यावर लावली.

"तोंडघशी पडाल हं," साहेब म्हणाले.

"पडले तर उठेन, साहेब."

त्या मिश्रणाचे पहिले ठोकळे दाबयंत्राखाली भुसभुशीत निघाले. साहेबांचा चेहरा पडला. तिचा नाही, कारण रेषाही तेच सांगत होती. मग आठवडे गेले. शेवटच्या ठोकळ्याला यंत्रवाले काका दाब देत राहिले, काटा चढत राहिला, आणि कडाड्कन आवाज झाला तेव्हा काकाच दचकले.

साहेबांनी स्वतः फळ्यावर ठिपका मांडला. तो रेषेवर बसला. मुद्दाम थंड पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या एका ठोकळ्याचा ठिपका मात्र जरा खाली आला.

"थंडीत स्लॅग आणखी आळसावतो. ते अजून मला नीट उमगलेलं नाही," तिनं सांगून टाकलं.

"मग उमगून घ्या," साहेब हसले. "बंदराच्या नव्या धक्क्याचं मिश्रण तुमच्याकडेच देतोय. तिथलं पाणी गारच असतं."

तिनं लगेच थंड टाकीचे निकाल मागवले आणि खुर्ची पुढे ओढली.