हळदीच्या सीझनात सोडलेल्या गोळ्या

माझ्या नवऱ्याला, म्हणजे आता जो माझा कोणी लागत नाही त्याला, लघवीला जळजळ व्हायची, जांघेत दुखायचं. पण कुणाला सांगेल तर शपथ! पुरुषमाणूस ना. मूल होत नाही म्हणून तपासण्या मात्र माझ्या. माझं सगळं ठीक निघालं, तेव्हा पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नमुना द्यायला लावला. वीर्यात पू निघाला. जिवाणूंचा संसर्ग. "याने शुक्राणू मंदावतात, कमी होतात," त्या म्हणाल्या. "पण औषध आहे. दोघांनी पूर्ण कोर्स घ्या, तोवर दारू बंद. आजार मुरला, तर शुक्राणूंची नळी कायमची बंद होऊ शकते."

मी गोळ्या नेमाने घेतल्या. ह्याची जळजळ थांबली आणि हळदींचा सीझन लागला. आमच्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. आज करंजाडे, उद्या रोडपाली. बॅन्जो, मटण, बाटल्या. गोळ्या आणि दारू एकत्र नको, एवढं मात्र त्याने बरोबर लक्षात ठेवलं. म्हणून गोळ्या सोडल्या!

वर आईला सांगितलं, डॉक्टरणीने दोष हिच्यात काढलाय. चोराच्या उलट्या बोंबा. मी घसा फोडून खरं सांगितलं, पण ऐकतं कोण? पुतण्याच्या हळदीत मी वाटीत बोटं घातली, तर सासूने भर मांडवात मला बाजूला केलं. "तू नको लावू गो. लेकुरवाल्यांना लावू दे." तो ग्लास घेऊन तिथेच उभा होता. हसला मेला. त्या हसण्याची माफी त्याला या जन्मी नाही. पुढे सोडचिठ्ठी झाली, त्याने दुसरी केली. मी देवाकडे एकच मागायचे, त्याच्या घरात पाळणा हलू देऊ नकोस.

गेल्या वर्षी कामोठ्याच्या मासळीबाजारात सासू दिसली. सोबत नवी सून, वाळून काडी झालेली. सासू कोळणीला सांगत होती, "हिचीपन कूस नाय उजवत. आता उपास धरायला लावलेत, पानी पन नाय पीत."

खोटं कशाला बोलू, काळजात गारेगार वाटलं. मग ती पोर दिसली. मान खाली, अगदी मी घालायचे तशी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"उपास कसले करतेस गं?" मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हटलं. "तुझ्या नवऱ्याच्या वीर्यात पू होता. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. हळदीची दारू चुकेल म्हणून त्याने औषध सोडलं. आधी त्याला तपासायला ने. आणि त्याच्यापासून तुला लागण झाली नाही ना, तेही बघून घे."

कोळणींचे कोयते थांबले. "हलू बोल गो," सासू म्हणाली, "लाज नाय तुला?"

"होती. तुमच्या मांडवात ठेवून आले."

पोरीने हळूच विचारलं, "ताई, आता औषध घेतलं तर होईल?"

"नाही" अगदी जिभेच्या टोकावर होतं. सासूच्या तोंडावर फेकायला किती गोड लागलं असतं! पण विचारत होती ही पोर.

"तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "होईलही. नळी बंद झाली असेल तर कठीण."

सासू जवळ सरकली. आवाज पार खाली आला होता. "माजा पोर तर बोलला व्हता, दोष तुज्यात हाय म्हनून. कोनती गो ती डाक्टरीन? पत्ता तरी दे."

"तुमच्या लेकाला विचारा," मी म्हटलं. "त्याला ठाऊक आहे."