साडेचारशेवर थांबणारा सुनील

सहा आठवडे झाले. शिरूरला कंपनीत पहिल्या पाळीत असताना सुनीलच्या चुलतभावाचा फोन आला. दौंडला दुकानाचं शटर उघडताना सुनीलच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं संपलं... आदल्या रविवारीच माझ्याशी अर्धा तास बोललेला माणूस! हातातलं माप घ्यायचं व्हर्निअर खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. ते तसंच घेऊन मी दौंडच्या एसटीत बसलो.

आयटीआयपासूनची आमची दोस्ती. स्टेशनजवळ पत्र्याच्या गाळ्यात त्यानं लग्नपत्रिका टाइप करायचं दुकान टाकलं, तेव्हा दर रविवारी मी तिथं असायचो. नवा कॉम्प्युटर परवडत नव्हता, म्हणून त्यानं तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेच्या वेगानं पळवला. पण कसा? वेग एकेक पायरीनं वाढवायचा, मग भर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली दिवसभर मशीनला जड आकडेमोडीला लावायचं आणि प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावून बघायचं. बोट टिकलं नाही की एक पायरी खाली.

"पाचशे कर की लेका. भितोस काय?" मी डिवचायचो.

"भितोच. शर्यतीला न्यायचाय का ह्याला? धा वर्सं कामाला जुपायचाय."

त्याचे वडील, खुटबावचे आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. शेकडो ओव्या तोंडपाठ. दोन हिवाळे ते दुकानात स्टुलावर बसून ओव्या सांगत होते आणि सुनील टाइप करत होता. मध्येच पंख्याचा आवाज वाढला की आबा म्हणायचे, "आरं, त्याला दम खाऊ दी. माझंबी पानी पिऊन हुतंय."

एका मे महिन्यात आबांना पुण्याला दवाखान्यात हलवलं. लग्नसराई जोरात होती. मी आठ दिवस रजा टाकून दुकान सांभाळलं. तेव्हा सुनीलला न विचारता वेग पाचशेवर नेला. तपासलं ते सकाळच्या गारव्यात, जेमतेम अर्धा तास. स्क्रीनवर आलेला तो आकडा त्याला दाखवायची मला कोण घाई झाली होती! दुपारपासून मशीन अडकायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप साडेचारशेवर आणलं आणि विषय संपला असं समजलो.

संपला नव्हता. त्या तीन दिवसांत मी ओव्यांची फाइल वाचायला उघडली होती. जपून राहावी म्हणून पुन्हा सेव्ह केली आणि फ्लॉपीवरच्या जुन्या प्रतीवर ही नवी उतरवली. प्रोसेसर पळवताना डिस्कचीही ओढाताण होते, लिहिलेलं बिघडतं, हे मला ठाऊक नव्हतं. सुनीलला ठाऊक होतं.

आबा घरी परत आलेच नाहीत. दहाव्याला पाहुण्यांना ओव्या छापून द्यायच्या म्हणून सुनीलनं फाइल उघडली. सगळे चौकोन आणि मोडकी अक्षरं. फ्लॉपीवरही तेच. 

"तीनशेचा तीनशेवरच ठिवायचा हुता," तो म्हणाला. "माझ्या हावंनं आबा दुसऱ्यांदा गेलं."

मी त्याच्या खुर्चीमागं उभा होतो.  दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन मूळ वेगावर आणलं आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. मी आठ वर्षं 'पुढच्या रविवारी सांगू' म्हणत राहिलो.

गेल्या आठवड्यात खुटबावला जाऊन सुनीलच्या बायकोला, मंगल वहिनींना, सगळं सांगितलं. त्या रडतील, मला घराबाहेर काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हंजी त्यांनी केलंच नव्हतं?"

"नाही, वहिनी."

"भावजी, दर पितराला ते आबांच्या फोटूम्होरं बसायचे. पोरांदेखत म्हणायचे, आबा, माझ्याकडनं लई मोठी चूक झाली... दर वर्साला, भावजी."

 आठ वर्षं. माझ्या चुकीची माफी तो मागत होता, आणि दर रविवारी माझ्यासाठी भजी मागवत होता.

वहिनी उठल्या. कोपऱ्यातली चटई झटकून त्यांनी फोटोंपुढं अंथरली आणि पोरांना हाक मारली.

"मला सांगून काय? हितं बसा. ते हितंच बसायचे."

मी बसलो. भिंतीवर आबा होते, आणि शेजारी नव्या हारातला सुनील. "आबा," मी म्हणालो... पुढचं बोलताना मला शेजारच्या फोटोकडं बघता आलं नाही.