शेवटच्या बदलाचा नंबर

सुनेचा संगणक पडवीत आला आणि माझी बसायची जागा गेली. घरात रेंज येते ती फक्त तिथेच, कडेच्या खांबाजवळ, आणि त्याच खांबाला पाठ लावून मी जन्मभर पान खाल्लं. मला ऊठ कोणी म्हटलं नाही. मीच उठलो, पण खुशीने नव्हे. त्या पाटीएवढ्या यंत्राचा मला मत्सर वाटतो. चौथी शिकलेल्या माणसाने हे लिहायला लाजावं तरी कशाला?

मी खाडीवर होडी चालवायचो. पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती. कोणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, कोण मुंबईला कामाला लागला, कोण भांडून माहेरी परतली, ती खबर आधी माझ्या होडीत बसायची आणि मग गावात शिरायची. लोक मला विचारायचे. मला कोणाला विचारावं लागलं नाही. पूल झाल्यावर होडी माडाखाली चढवली, सवय मात्र अंगात राहिली.

सूनबाईचं काम काय, हेही मी विचारलं नव्हतं. सुपारी कातरत पाठीमागून बघायचो. पडद्यावर नुसत्या ओळी. शेवटी घरकारणीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला विचारलं, आणि मी न ऐकल्यासारखं करून ऐकलं. तिच्या कंपनीत ढिगाने माणसं. त्या सगळ्यांची नावं, हुद्दे, फोन, पासवर्ड, कोणाला कुठलं दार उघडेल, हे एका यंत्रात भरलेलं असतं. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. मूळ यंत्र मुंबईत, आणि तेच सगळं भरलेलं दुसरं पुण्यात. मुंबईत कोणी नवा आला, कोणी सोडून गेला, लग्न होऊन कोणाचं नाव बदललं, की त्या बदलाला नंबर पडतो. पुढच्या बदलाला पुढचा. नंबर मागे म्हणून जात नाही. सून रोज सकाळी मुंबईच्या यंत्राला विचारते, तुझा शेवटचा नंबर काय? काल बघितलेल्या नंबराच्या पुढचे जेवढे, तेवढेच नवे बदल. बाकीची नावं चाळायला नकोत. मग पुण्याच्या यंत्राला तोच प्रश्न. दोन्ही नंबर जुळले की ती चहा घेते.

माझ्या पोटात दुखायला लागलं. कोण आला कोण गेला, हे ती बसल्या जागी सांगत होती, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड तिने बघितलेलं नव्हतं. वर घरकारीण गालाला हात लावून ऐकत बसलेली. माझं बोलणं ती जन्मभर तांदूळ निवडत ऐकत आली.

मुलगा गोव्यात कामाला, शनिवारी घरी येतो. पूर्वी फोन मला करायचा. आता तिला करतो, ती सासूला सांगते, सासू शेजारणीला, आणि गाव फिरून झालं की उरलेलं माझ्या कानावर येतं.

एका सोमवारी दोघं उजाडताच आंघोळ करून बाहेर पडली. सून माहेरी खारेपाटणला चालली आहे, तो सोबत जातो आहे, एवढं मला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी मी बांगडे घ्यायला किनाऱ्यावर गेलो. तिथे माझ्याबरोबर वल्हं मारलेला एक म्हातारा भेटला.

"काय रे, पुण्याक चललात मां सगळी?"

कोण पुण्याला, मी म्हटलं. तो हसला.

"तुझ्या घरातली खबर आता मी तुका सांगू? काल देवळात कौल घेतल्यानी मां तुझ्या झिलान नि सुनेन."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण त्याआधी तो गाऱ्हाणं घालतो. कोणाच्या घरातली लेकरं, काय मागणं, कुठे जायचं, सगळं खणखणीत आवाजात. देवळात बसलेले त्यावर व्हय महाराजा म्हणतात. गुपितही ठेवायचं आणि कौलही लावायचा, ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. दोघं पुण्याला बिऱ्हाड हलवू का म्हणून विचारायला गेली होती. देवाला कळलं, गुरवाला कळलं, व्हय महाराजा म्हणणाऱ्यांना कळलं. मी तेव्हा घरी दात घासत होतो. त्या दिवशी मला देवाचाही मत्सर वाटला.

घरी येऊन मी काही विचारलं नाही. घरातल्या वडील माणसाने विचारायचं नसतं, त्याला सांगायचं असतं. घरकारणीने बांगड्याचं तिखलं केलं. मी ताट बाजूला सारलं. आजारी पडलात काय, ती म्हणाली. नाही म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून निजलो.

सून परतली आणि संगणक उघडताच तिचा चेहरा उतरला. नोकरी सोडून गेलेल्या कोणाला तरी पुण्याच्या ऑफिसचं दार अजून उघडत होतं. मुंबईचा शेवटचा नंबर कुठच्या कुठे गेलेला, पुण्याचा तिथेच अडकलेला. ती रजेवर असताना कोणी बघितलंच नव्हतं. माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

"मुंबयवाल्यान सांगूक नको तेका?"

"तो आपणाहून सांगणा नाय, बाबानू. पुण्यावाल्यान इचारूचा लागता, माझ्या नंबराच्या पुढचा काय ता दी."

"आणि इचारल्यान नाय तर?"

"रवता मागे."

मग आता विचारायला लाव, मी म्हटलं. ती म्हणाली, आता उपयोग नाही. मुंबईचं यंत्र जुने बदल थोडे दिवस ठेवतं, मग पुसून टाकतं. पुण्याचं इतकं मागे राहिलं की मधले बदल तिथे उरलेच नाहीत. आता त्याला सगळं मुळापासून भरायचं. तिने ते काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

मी ती पट्टी बघत बराच वेळ बसलो. मग म्हटलं,

"माकाय मुळापासून सांग."

आत भांड्यांचा आवाज थांबला. सुनेने पदर नीट केला आणि सांगायला लागली. कंपनी तिला पुण्यात येऊन बस म्हणते आहे, ते गणपतीपासून. हे सासूला तेव्हाच माहीत. मुलगा गोव्याच्या कामाला कंटाळला आहे. हे व्याह्यांना माहीत, आणि त्याच व्याह्यांनी त्या आठवड्यात माझ्याशी फोनवर काजूच्या मोहरावर गप्पा मारल्या. खारेपाटणहून दोघं तशीच पुढे जाऊन पुण्यात जागा बघून आली. दर वाक्याला मी नव्याने जळत होतो.

"माका कित्या सांगूक नाय?"

"तुमी नाय म्हटल्यात तर पुढे कोण बोलतलो? म्हणान देवाक आधी इचारलाव. देवान उजवी दिल्यान. आता तुमी काय ता सांगा. त्याशिवाय मी कंपनीक कळवचंय नाय."

मी पानाला चुना लावला. घाई केली नाही.

"देवाक सोमवारी इचारलात. माकाय सोमवारी इचारा. आंघोळ करून, दोघांनी."

"देवाक नारळ दिल्यानी," घरकारीण आतून म्हणाली. "हेंका काय देतली?"

सून तोंडावर पदर धरून हसली. मी हसलो नाही.

सोमवार अजून यायचा आहे. मुलगा रोज फोन करतो, आणि आता मला करतो. इकडचं तिकडचं बोलतो, पण खरं ते विचारत नाही. घरकारीण जेवायला वाढताना माझ्या तोंडाकडे बघत राहते. उजवी की डावी, ते मी ठरवून टाकलं आहे. कोणाला सांगितलेलं नाही. ह्या वेळी घरात सगळ्यांच्या आधी मला माहीत आहे.