खोबऱ्याचा थांबा

विमानानं फिरणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक मंच आहे. त्याच्या मराठी विभागात सगळ्यात वर काही धागे कायमचे पिन करून ठेवलेले असतात, म्हणजे कुणीही मंच उघडला की आधी तेच दिसतात. हे धागे निवडायचे, नीट लावायचे, जुनी माहिती काढून नवी भरायची, हे काम काही वर्षं माझ्याकडे होतं. मी एसटीची कंडक्टर. वाशिम, मालेगाव, शिरपूर ही माझी गाडी. आता हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते. मंचावरचे लोकही हसले होते, पण ते फार नंतर, त्यांना कळलं तेव्हा.

मी तिथे गेले ती माझ्या थोरल्या बहिणीपायी. ताई आसेगावला असते. सोयाबीन, तूर, दोन म्हशी आणि कंबरेनं अधू झालेले भाऊजी, एवढा तिचा संसार. एकुलती एक पोरगी गुवाहाटीला, जावई फौजेत. पोरीचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा तिला प्रवास झेपेना, म्हणून जावयानं ताईलाच विमानाचं तिकीट काढून पाठवलं. आम्ही जीप भरून नागपूरला तिला पोचवायला गेलो. आमच्याकडे पोचवणं म्हणजे माणसाला सीटवर बसवायचं, पिशवी पायाशी ठेवायची, गाडी हलेपर्यंत खिडकीतून हात धरून उभं राहायचं. विमानतळाच्या दारातल्या जवानानं सांगितलं, तिकीट असेल तोच आत. आम्ही सगळे दाराबाहेर, आणि ताई एकटी आत गेली.

थोड्या वेळानं ती बॅग ओढत परत बाहेर आली. डोळे लाल.

झालं होतं असं. तिच्या बॅगेत पोरीसाठी माहेरची ओटी होती. घरचे गहू, हळकुंड, सुपारी, खण आणि खोबऱ्याची अख्खी वाटी. बॅग मशीनमधून गेली आणि ती वाटी सापडली. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेतं. काउंटरवरच्या पोरीनं काही वाईट सांगितलं नाही, खोबरं काढून त्या डब्यात टाका म्हणाली. डबा कचऱ्याचा.

“पोरीच्या ओटीतलं खोबरं कचऱ्यात टाकू?” ताई आम्हाला म्हणाली. “बाळंतपन तोंडावर आलं अन् मी माह्या हातानं ओटी मोडू? माह्यानं नाई होत व.”

आम्ही सगळ्यांनी समजावलं. मी तर रागावलेही. ती हलेना. विमान गेलं. पोरगी तिकडे बाळंत झाली ती शेजारणींच्या भरवशावर. फोनवर एकच विचारायची, “आई, तू काऊन नाई आली?” ताई फोन भाऊजींच्या हातात द्यायची आणि म्हशीकडे निघून जायची.

माझा राग ताईवर नव्हता. त्या काउंटरवरच्या पोरीवरही नव्हता. एवढी साधी गोष्ट आसेगावच्या घरात, बॅग भरताना आम्हाला कुणी सांगितली नव्हती, त्याचा होता. सांगितली असती तर खोबरं देवापुढे ठेवून ताई मुकाट गेली असती. मी फोन घेऊन शोधायला बसले आणि त्या मंचावर जाऊन पोचले.

काय नव्हतं तिथे! कुठल्या विमानतळाच्या लाउंजमधला डोसा चांगला, कुठल्या रांगेत पाय लांब करता येतात, कुठल्या कार्डानं फुकटात वरच्या वर्गात बसता येतं. वर पिन केलेले धागे म्हणजे नुसता ढिगारा. खोबऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी विचारलं. एकानं उत्तर दिलं, “हा प्रश्न कृपया विनोदी विभागात टाकावा.” त्याखाली हसणारे चेहरे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! म्हटलं, आता इथून मी हलत नाही.

आणि नाही हलले. वाचलं, विचारलं, विमान कंपन्यांचे नियम बसून समजून घेतले. एकदा स्वतः विमानात बसले, पुण्याहून नागपूरला, दर पावलाला काय भीती वाटते ते लक्षात ठेवत. मग नवख्यांना उत्तरं द्यायला लागले. पुढे वरचा ढिगारा आवरायला कुणी तयार आहे का, अशी विचारणा झाली. कुणी पुढे येईना. मी म्हटलं, मी आवरते, आणि त्यांनी मला मॉडरेटर केलं. त्यांना वाटलं असेल, कुणी रिटायर झालेल्या मॅडम असाव्यात.

तोवर सगळं कंपन्यांप्रमाणे आणि विमानतळांप्रमाणे लावलेलं होतं. मी म्हटलं, हे काय! गाडीत चढलेल्या बाईला आम्ही इंजिन कोणत्या कारखान्याचं ते सांगतो का? पुढचा थांबा कोणता ते ओरडून सांगतो. तसंच लावलं. घर, दार, वजन, तपासणी, वाट पाहायची जागा, विमानाच्या आत, मधला थांबा, उतरणं. प्रत्येक थांब्याखाली तीनच गोष्टी. तुम्हाला काय विचारतील, हातात काय तयार ठेवायचं, आणि कशाला घाबरायचं नाही. भाषा बोलतो तशी. धाग्याचं नाव ‘घरापासून घरापर्यंत’. आणि पहिल्या, घराच्या थांब्याखाली पहिलं वाक्य, “ओटीचं खोबरं बॅगेत भरू नका, घरीच देवापुढे ठेवा.”

लोक यायला लागले. कारंज्याची एक बाई पोराकडे पहिल्यांदा निघाली होती, ती लोणच्याच्या बरणीचं विचारून गेली. आखातात कामाला जाणारा एक गवंडी थापी अन् ओळंबा हातातल्या पिशवीत चालतो का म्हणून विचारायचा. नाही बाबा, खालच्या सामानात टाक. पोचल्यावर हे लोक परत येऊन लिहायचे, पोचलो. तेवढा एक शब्द वाचून मला दिवसभर बरं वाटायचं.

मग मंचाला नवे मुख्य मॉडरेटर आले. परदेशात राहणारे, महिन्यातून चारदा विमानात. त्यांनी मला लिहिलं की पिन केलेली जागा मोलाची असते, तिथे दर्जेदार मजकूर हवा. तुमच्या धाग्याची भाषा ग्रामीण आहे आणि ओटी, खोबरं हे हवाई प्रवासाचे विषय नव्हेत. सगळं खाली एका सामान्य प्रश्नांच्या धाग्यात विलीन करू.

मी लिहिलं, “विषय नव्हेत कसे? बॅगेत सापडतात ना?”

त्यावर त्यांनी मंचावर सगळ्यांसमोर सरळ विचारलं, “मॅडम, तुमचा स्वतःचा विमानप्रवास किती? आणि आपण करता काय?”

मी लपवलं नाही. “एसटीत कंडक्टर आहे. विमानात एकदाच बसले. त्या एका वेळेत जे जे विचारावंसं वाटलं ते सगळं या धाग्यात आहे. तुम्हाला विमानतळावर शेवटचं काही विचारावंसं वाटलं ते कधी?”

तेव्हा हसले ते सगळे. हसू दे. धागा तेवढ्यापुरता वरच राहिला.

यंदा ताईच्या पोरीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला दुखणं होतं, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि पहिलं लेकरू सांभाळायला कुणी नाही. जावयानं पुन्हा तिकीट काढलं. नागपूरहून कोलकाता, तिथे विमान बदलून गुवाहाटी. ताई शिरपूरच्या स्टँडवर मला गाठायला आली, गाडी उभी होती तिथेच पायरीवर बसली आणि फोन पुढे केला.

“लावून दे त्याच्यात तुहं ते.”

मी शिकवलं. हे दाबलं की मंच उघडतो, पहिलाच धागा आपला. ताई बोट ठेवून हळूहळू वाचते, पण वाचते. शोधणं, टाइप करणं तिला येत नाही. उघडायचं आणि वरचं पाहायचं, एवढंच तिनं पक्कं केलं. पहिलं वाक्य वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मंग ओटी कायनं भरू पोरीची?”

 मी म्हटलं, तिकडे गेल्यावर पाहू. तिनं फोन पिशवीत टाकला, पण तिचा चेहरा मला आवडला नाही. तो नागपूरच्या दारातलाच चेहरा होता.

निघायच्या दिवशी मला रजा मिळाली नाही. भाऊजींच्या पुतण्यानं तिला नागपूरला सोडलं. सकाळी फोन आला, काकू आत गेली, परत नाही आली. मला सुटल्यासारखं झालं. मालेगावच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा मी मंच उघडला, आणि वर आमचा धागा नाही!

पिन काढलेली. त्या जागी लाउंजांची तुलना. मला एक छोटा संदेश, आपल्या सेवेबद्दल आभार, मॉडरेटरपदावरून आपल्याला मुक्त करण्यात येत आहे. म्हणजे आता मला परत पिनही करता येणार नव्हतं. आजच! वर्षभरातला दुसरा दिवस सापडला नाही लेकाच्यांना!

ताई कोलकात्याला उतरणार, गर्दीत फोन उघडणार आणि वर तिला लाउंज दिसणार. फोन करेल म्हणाल, तर माझी बहीण घाबरली की फोन करत नाही. मागे फिरते. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. मंचावर ज्या धाग्यात कुणी नवीन लिहिलं, तो आपोआप पिन केलेल्यांच्या लगेच खाली येतो. मी लिहिलं, “धागा वर काढते आहे.” आला वर, म्हणजे ताईला पडद्यावर नाव तरी दिसलं असतं. गाडी सुटली. पुढच्या थांब्यावर पाहिलं तर चार धागे त्याच्यावर चढलेले. परत लिहिलं, “धागा वर काढते आहे.” तिकिटं फाडायची, घंटी मारायची, गाडी थांबली की लिहायचं. ड्रायव्हर आरशातून पाहत होता.

“काय वं बाई, कोनासंगं भांडून राह्यली?”

“साऱ्या दुनियेसंगं. तुमी गाडी चालवा.”

मुख्य मॉडरेटरांची ताकीद आली. विनाकारण धागा वर काढू नये, अन्यथा खाते बंद करण्यात येईल. मी तिथेच सगळ्यांसमोर उत्तर दिलं, “माझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली आहे आणि कोलकात्याला उतरते आहे. तिला फक्त वरचं उघडता येतं. ती पोचेपर्यंत हा धागा खाली जाणार नाही. करा बंद.”

त्यांनी केलं.

शिरपूरला गाडी रिकामी झाली. देवळाचे यात्रेकरू पाणी पीत, पिशव्या सावरत उभे होते. मी कंडक्टरच्या सीटवर बसले आणि संतापानं रडले. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. धागा दुसऱ्या नंबरवरून चौथ्यावर गेला, चौथ्यावरून सहाव्यावर. ताईला फोन लावला, बंद. ती अजून आकाशातच होती.

मग पाहिलं, तर पिन केलेल्यांखाली धागा पुन्हा पहिला!

कारंज्याच्या बाईनं लिहिलं होतं, “धागा वर काढत आहे. बहीण उतरली का?” त्याखाली आखातातला गवंडी, “मी पण वर काढतो. जेवायची सुट्टी झाली आहे.” मग कोण कोण, ज्यांची नावं मी विसरले होते ते. कुणी लिहिलं, ताई, मधल्या थांब्यावर घाबरू नका, हातातला कागद गणवेशातल्या माणसाला दाखवा. कुणी नुसतं, पोचलो होतो, तुम्हीही पोचाल. दुपारभर तो धागा हलला नाही. किती जणांची खाती बंद करणार होते ते! मी गाडीत चढणाऱ्यांना जागा दाखवत होते आणि डोळे पुसत होते. एका म्हातारीनं विचारलं, “काय झालं व पोरी?” मी म्हटलं, काही नाही, आत्या, धूळ गेली.

दिवेलागणीला, डेपोत हिशेब देऊन मी बाहेर आले तेव्हा धाग्यात एका नव्या खात्यावरून मजकूर आला होता.

“पोरगी लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. मी आसेगावची. पोचली. कोलकात्याले पाय मागं येऊन राह्यले होते. वाटे, बसाव एका कोपऱ्यात अन् कोनी घरी नेऊन सोडलं तं जाव. फोन उघडला तं तुमी सारे तिथं. मंग कागद दाखोला अन् गेली. पोरगी बरी हाय. ओटी भरली. गहू आसेगावचे, खोबरं इथल्या दुकानातलं. पुढच्या बाईले घरीच सांगजा, खोबरं तिकडं भेटते.”

इतकी वर्षं मी लोकांना फक्त खोबरं घरी ठेवा म्हणून सांगत होते.

मी डेपोच्या बाकावर बसून नवं खातं उघडलं, जुन्याच नावाच्या पुढे कंडक्टर असं जोडून, म्हणजे ओळखायला कुणाला त्रास नको. धागा उघडला आणि खाली लिहिलं, “पहिला थांबा, घर. ओटीचं खोबरं देवापुढे ठेवा. खोबरं तिकडं भेटते. करा बंद.”